सुदाम्याचे पोहे आणि खिशातला बाजार

इंदूरच्या पश्चिमेला, अन्नपूर्णेच्या देवळापासून फारसे दूर नाही अशा ठिकाणी, सुदामा नगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या राजवाड्याभोवतालची जुनी घरे सोडून ज्या नव्या वसाहतींत राहावयास गेल्या, त्यांपैकी ही एक. नोकरीधंद्याच्या निमित्ताने आलेली कोकणी बोलणारी थोडी घरेही येथे रुजली आहेत. सकाळच्या प्रहरी या वसाहतीतून फेरफटका मारला, तर कोपऱ्याकोपऱ्यावर वाफेवर ठेवलेल्या पोह्यांचा वास येतो. सुदाम्याच्या नावाच्या वस्तीत पोह्यांचाच वास यावा, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. परंतु त्या नावातील कथेने अलीकडे मला एका निराळ्याच विचारात टाकले आहे.

भागवताच्या दशम स्कंधातील ती कथा आपणांपैकी प्रत्येकाने बालपणी ऐकलेली आहे. दरिद्री ब्राह्मण पत्नीच्या आग्रहावरून बालमित्राच्या भेटीस द्वारकेला जातो. फडक्यात बांधून आणलेले पोहे काखेत लपवितो. मागावे म्हणून आलेला, पण मागण्यास जीभ उचलत नाही. श्रीकृष्ण मात्र न सांगता सर्व ओळखतो. पोह्यांची पुरचुंडी स्वतः ओढून घेतो आणि न मागता देतो. मित्राच्या मनातील गरज त्याने न बोलता जाणली, यातच त्या कथेचे सारे माधुर्य आहे. आपले कोणीतरी, आपण तोंडाने न मागता, आपल्याला ओळखावे, ही मनुष्याची फार जुनी भूक आहे. भक्त देवाकडे, मूल आईकडे आणि मित्र मित्राकडे हेच मागत असतो.

आता एक साधी घटना सांगतो. काही महिन्यांपूर्वी माझ्या गुडघ्याने तक्रार सुरू केली, म्हणून मी मोबाईलवर गुडघ्याला बांधावयाच्या पट्ट्यांच्या किमती पाहिल्या. पट्टा घेतला नाही, पाहिला मात्र. त्या दिवसापासून तो पट्टा माझ्या मागे लागला. वर्तमानपत्र उघडावे तर मधोमध पट्टा. पंचांगात एकादशी पाहावी तर तिच्या खाली पट्टा. रात्री भजन लावावे तर भजनापूर्वी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. पंधरा दिवसांनी पट्टा स्वस्त झाल्याची वर्दी आली आणि ही सवलत मध्यरात्रीपर्यंतच आहे, असे घड्याळही खाली टिकटिक करू लागले. माझी पत्नी म्हणाली, “अहो, तुमच्या गुडघ्याची एवढी विचारपूस तर तुमच्या मुलांनीही केली नाही!” आम्ही दोघेही हसलो, पण तिच्या बोलण्यातील काटा मनात राहिला. हाही न मागता जाणणारा, आणि द्वारकेचा तोही न मागता जाणणारा. मग दोघांत भेद कोणता? तो भेद स्पष्टपणे सांगता आला पाहिजे; कारण तो सांगता आला नाही, तर आपल्या जीवनातील एक पवित्र गोष्ट आपण एका बाजारी गोष्टीशी अदलाबदल करून बसू, आणि ते आपल्याला कळणारही नाही.

प्रथम या यंत्राला न्याय द्यावयास हवा. भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले; त्या काळी हे यंत्र श्रीमंतांचा अलंकार होते, आणि पुढे काही वर्षे तर आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००७ नंतर काचेच्या पाटीवर बोट फिरवून चालणारे स्मार्टफोन आले, आणि २०१६ नंतर इंटरनेटचा दर भारतात इतका उतरला की जे कार्यालयात बसणाऱ्याच्या हाती होते ते हातगाडी ढकलणाऱ्याच्याही हाती आले. त्याच वर्षी ‘यूपीआय’ ही पैसे देण्याघेण्याची पद्धत सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये या पद्धतीने एका महिन्यात झालेल्या व्यवहारांची संख्या प्रथमच एक हजार कोटींच्या पुढे गेली, आणि दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ती दोन हजार कोटींच्या पुढे गेली. आकडे मोठे आहेत. पण त्यांचा अर्थ आमच्या गल्लीत उभे राहिले की सहज कळतो. भाजीच्या हातगाडीला चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड टांगलेला असतो. दहा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी गाडीवरची छोटी पेटी “दस रुपये प्राप्त हुए” असे मोठ्याने पुकारते. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत गेली. रस्त्यावर कचरा दिसला तर ‘इंदूर ३११’ या महापालिकेच्या अ‍ॅपवर छायाचित्र पाठवून तक्रार करता येते. हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात सर्वांत स्वच्छ ठरत आले, त्यात अशा साधनांचाही वाटा आहे. उज्जैनला महाकालाच्या भस्मारतीस जावयाचे तर नोंदणी घरबसल्या होते. २०२० साली टाळेबंदीत देवळांची दारे लागली, तेव्हा कित्येक वृद्धांना आपल्या कुलदैवताचे मुखदर्शन याच काचेतून घडले. ज्या काकूंना पूर्वी पापड-कुरडया ओळखीपाळखीत चार घरी विकता येत, त्या आता शंभर घरांच्या मागण्या घेतात आणि आपल्या नावाने बँकेत पैसे जमा झालेले पाहतात. हे सारे नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होईल.

जाहिरात ही गोष्टही मुळात पापाची नव्हे. आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचे एक सुंदर उदाहरण आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते कारखान्याचे मुखपत्र म्हणून. नांगर आणि यंत्रे विकणाऱ्या कारखान्याच्या त्या पत्रातून पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत नवे विचार पोहोचविणारे एक मान्यवर मासिक उभे राहिले. विकणाराही समाजाला काही देऊ शकतो, याची ती साक्ष आहे. १९७३ पासून निघणारी ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका घ्या. तिच्या पानांवरही जाहिराती असतात. पण ती भिंतीवर टांगलेली असते. आजी जी जाहिरात पाहते तीच नातू पाहतो. एखादी जाहिरात खोटी वाटली तर जेवताना तिची थट्टा होते, शेजारी म्हणतो, “आम्ही आणले होते हो ते, काही उपयोग नाही.” थोडक्यात, त्या जाहिरातीला साक्षीदार असतात. चव्हाट्यावर जे बोलले जाते त्याला चव्हाट्यावरच उत्तर मिळते, आणि बोलणाऱ्यालाही जपून बोलावे लागते.

मोबाईलमधील जाहिरातीचे स्वरूप यापेक्षा मुळापासून निराळे आहे. ती मला दिसते ती माझ्या मुलाला दिसत नाही. मुलाला दिसते ती सुनेला दिसत नाही. आपण एखादे पान उघडतो आणि ते काचेवर उमटते, त्या निमिषमात्रात पुष्कळदा आपल्या नजरेचा लिलाव झालेला असतो. या मनुष्याचे वय अमुक, राहणे तमुक भागात, मागच्या आठवड्यात याने गुडघ्याचा पट्टा पाहिला, अशा माहितीवर विक्रेत्यांच्या यंत्रांनी बोली लावलेली असते आणि ज्याची बोली अधिक त्याची जाहिरात आपल्यापुढे येते. आपण एखादे अ‍ॅप घेताना ते आपल्याजवळ ठावठिकाणा, ओळखीच्या लोकांचे क्रमांक, छायाचित्रे यांची परवानगी मागते. आपण घाईने ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटले तर काम अडेल अशी भीती असते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच असा इशारा दिला होता की, माहिती जेथे विपुल होते तेथे माणसाचे अवधान दुर्मिळ होते. जे दुर्मिळ त्याला किंमत येते आणि त्याचा बाजार भरतो. म्हणून ज्या गोष्टी आपण फुकट वापरतो असे मानतो, त्यांचे मोल आपण आपल्या अवधानाने चुकवीत असतो. आपण गिऱ्हाईक आहोत अशा समजुतीने बाजारात शिरतो. प्रत्यक्षात पुष्कळदा आपणच तागडीत बसलेले असतो.

येथे मला आमच्या जुन्या वाण्याची आठवण होते. त्यालाही आमच्या घराची सारी माहिती होती. चतुर्थी कोणत्या दिवशी, घरात उपास कोण करतो, मुलगी बाळंतपणाला आली आहे की नाही, महिनाअखेरीस हात आखडता आहे की सैल, हे सर्व त्याच्या लाल कापडाच्या वहीत आणि त्याहून अधिक त्याच्या डोक्यात असे. माझ्या आईला तो “माताजी” म्हणे. एकदा तूरडाळ तोलता तोलता त्याने हात थांबविला आणि म्हणाला, “माताजी, आज ये दाल मत लीजिए. परसों नई आएगी.” आई रिकाम्या पिशवीने परत आली, आणि पुढे वीस वर्षे दुसऱ्या दुकानात गेली नाही.

या छोट्या प्रसंगात मला त्या भेदाचे पहिले सूत्र सापडते. वाणी आम्हांला ओळखत होता, पण आम्हीही वाण्याला ओळखत होतो. त्याचे घर कोठे, त्याचा मुलगा कोणत्या शाळेत, त्याच्या वडिलांचे श्राद्ध कधी, हे आम्हांला ठाऊक होते. त्याने खोटे तोलले असते तर दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर त्याची गाठ आमच्याशीच पडावयाची होती. ओळख दोन्ही बाजूंनी असली की तिच्यातून लाज उत्पन्न होते, आणि लाजेतून मर्यादा. नव्या बाजाराला आमची नाडीनाडी कळते. आम्हांला मात्र त्याचा चेहराही ठाऊक नाही. काचेच्या एकाच बाजूने पाहता यावे, अशी ती ओळख आहे. आणि दुसरे सूत्र असे की, वाण्याच्या ज्ञानाचा शेवट कधी कधी ‘घेऊ नका’ या शब्दांत होत असे. ‘आज घेऊ नका’ असे सांगणारे यंत्र मी अद्याप पाहिलेले नाही.

परंतु पूर्वपक्ष पुरता मांडल्यावाचून उत्तरपक्षाला बळ येत नाही. एखादा तरुण वाचक म्हणेल, “काका, तुम्ही जुन्या वाण्याला फार सोवळे नेसविता. त्याच वहीत दुप्पट व्याजाने कित्येकांची शेते बुडाली. त्याच ओळखीमुळे कोणाला ओट्यावर घ्यावयाचे आणि कोणाला खालून पैसे टाकावयास लावावयाचे हे ठरत असे. विधवेने रंगीत लुगडे घेतले तर ती बातमी दुकानातूनच गावभर होई. मोबाईलला जात कळत नाही, तो कोणाला पायरीखाली उभे करीत नाही. छापील किंमत सर्वांना सारखी. आणि शेवटी, मन ज्याचे त्याचे. नको असेल त्याने घेऊ नये.”

या आक्षेपातील पहिला भाग मला मान्य आहे, आणि तो मान्य करताना मान खाली घालावी लागते. जुन्या ओळखीत माया होती तशी जाचणूकही होती. आणि ती जाचणूक ज्यांच्या वाट्याला आली त्यांना अनोळखी बाजार हे मोकळे आकाश वाटले तर त्यात नवल नाही. तेव्हा जुने दिवस परत आणावेत असे माझे म्हणणे नाही, आणि ते येणारही नाहीत. किंमत मात्र सर्वांना सारखीच असते, असे आता खात्रीने म्हणता येत नाही. ज्याला प्रत्येकाची निकड स्वतंत्रपणे कळते, त्याला प्रत्येकाकरिता सवलत आणि दर निराळा ठेवणे सहज शक्य असते. ओट्यावरचा आणि ओट्याखालचा हा भेद नव्या रूपाने येऊ शकतो, फरक एवढाच की तो डोळ्यांना दिसणार नाही.

‘मन ज्याचे त्याचे’ या दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. आपल्या परंपरेने श्रेय आणि प्रेय यांत भेद केला आहे. कठोपनिषदात यम नचिकेत्याला हाच भेद समजावून देतो. जे अंती हिताचे ते श्रेय, जे या क्षणी गोड ते प्रेय. दोन्ही मनुष्यापुढे येतात आणि शहाणा पुरुष थांबून, पारखून त्यांतील एक निवडतो. येथे ‘थांबून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निवड करावयास क्षणभराची तरी स्वस्थता लागते. नवा बाजार आपल्यावर बळजबरी करीत नाही हे खरे; तो तेवढी स्वस्थता काढून घेतो. खाली सरकवीत जावे तो पानाला शेवटच येत नाही, कारण शेवट आला तर मनुष्य उठून जाईल. पुढल्या खेपेस काय दिसेल याचा नेम नसतो, आणि जुगाऱ्याला जागेवर खिळवून ठेवते ती हीच अनिश्चितता. दहा मिनिटांत वस्तू दाराशी येते तेव्हा इच्छा आणि प्राप्ती यांच्यामध्ये विचाराला बसावयास पाटच राहत नाही. आणि त्या दहा मिनिटांसाठी भर उन्हात किंवा पावसात दुचाकी पळविणाऱ्या मुलाचे नावही आपण पाहत नाही. त्याला मात्र आपण तारे किती देतो याची चिंता असते.

हे केवळ एका म्हाताऱ्याचे गाऱ्हाणे आहे असे कोणी समजू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक नियम काढून अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार नमूद केले आणि त्यांना मनाई केली. खोटी घाई निर्माण करणे. न विचारता टोपलीत एखादी वस्तू किंवा देणगी घालणे. नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द योजणे. वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे अवघड ठेवणे. हे त्यांतील काही प्रकार. माझ्या पट्ट्याखाली टिकटिकणारे ते घड्याळ, मध्यरात्र उलटून गेल्यावरही दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच टिकटिकत होते! ज्याचे मन खरोखर ‘ज्याचे त्याचे’ असते, त्याला भुलविण्याकरिता एवढी सामग्री कशाला लागावी?

पातंजल योगात सांगितलेल्या पाच यमांपैकी एक अस्तेय, म्हणजे चोरी न करणे. आजवर आपण चोरी वस्तूंची मानली. पैसा, दागिना, फार तर दुसऱ्याचे लेखन. पण मनुष्याजवळ अवधानापेक्षा मौल्यवान वस्तू दुसरी कोणती आहे? जपाच्या वेळी आपण देवाला तेच देतो. आजारी माणसाच्या उशाशी बसताना आपण त्याला तेच देतो. मूल शाळेतून येऊन काहीतरी सांगू लागते तेव्हा ते आपल्याजवळ तेच मागत असते. ते जर आपल्या नकळत, युक्तीने, आपल्या दुबळ्या क्षणी पाळत ठेवून काढून घेतले जात असेल, तर त्याला चोरी म्हणावयास काय हरकत आहे? मला स्वतःला तरी हरकत दिसत नाही. मात्र त्यात एक खोच आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या चोरीत घरमालक स्वतः दार उघडून देतो. आरती चालू असता खिशातील यंत्र थरथरले की हात तिकडे जातो. तो हात माझाच असतो.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावयास बसलो तो सांगतो. आमच्या एका लहानशा देवळाच्या समितीपुढे गेल्या वर्षी एक पत्र आले. एका विक्रेत्याने उत्सवाचा मंडप, रोषणाई आणि तीन दिवसांचा महाप्रसाद यांचा सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखविली होती. अट एकच, आणि ती अगदी किरकोळ वाटावी अशी: भक्तमंडळींच्या नावांची आणि मोबाईल क्रमांकांची यादी त्यास द्यावी. यादीत घरातील माणसांची वयेही होती, कारण ज्येष्ठांच्या सत्कारासाठी आम्ही ती लिहून घेतली होती.

समितीत दोन तट पडले. आमचा तरुण खजिनदार हिशेबाला चोख आणि मनाने सरळ. तो म्हणाला, “काका, देवळाचे छत गळते आहे. वर्गणी मागावयास आपण दारोदार फिरतो आणि लोक कंटाळतात. हे क्रमांक बाजारात आधीच शंभर जणांकडे आहेत. आपण दिले म्हणून असे काय बिघडणार? आणि पैसा तर देवाच्याच कामी येणार.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, म्हणूनच उत्तर देणे अवघड होते. काही वेळ सर्व गप्प राहिले. मग एक वृद्ध आजी, ज्या क्वचितच बोलतात, म्हणाल्या, “मी माझा नंबर दिला तो पालखी किती वाजता निघणार हे कळावे म्हणून. दुसऱ्या कशाला दिला नव्हता, बाबा.”

त्या एका वाक्यात मला सारा न्याय दिसला. इंदूरच्या मराठी माणसाला ‘खासगी’ या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागू नये. अहिल्याबाई होळकरांच्या काळी खासगीचा पैसा आणि दौलतीचा पैसा यांचे हिशेब वेगळे असत, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जी धर्मकृत्ये केली त्यांसाठी खासगीतून खर्च होत असे, असे आपण अभिमानाने सांगतो. अधिकार हाती असला म्हणून सर्व काही आपले होत नाही. पुण्यकर्म करावयाचे ते आपल्या मालकीच्या धनातून, हा त्यातील धडा. भक्तांची यादी समितीच्या कपाटात होती. समितीच्या मालकीची नव्हती. ती ठेव होती. ठेवीतून दान करणारा मनुष्य दाता ठरत नाही, मग ते दान देवालाच का केलेले असेना.

कायदाही आता याच दिशेने येत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे त्या कायद्याचे एक मुख्य सूत्र आहे. आमच्या आजींनी तो कायदा वाचलेला नाही. पण पालखीचे वाक्य बोलताना त्यांनी तो सांगितला.

आणि धोकाही काल्पनिक नाही. वयोवृद्धांची यादी एकदा हातातून सुटली की ती कोणाकडून कोणाकडे जाईल याला धरबंध नसतो. पोलीस असल्याची बतावणी करून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर धमकावणारे आणि त्यांची पुंजी लुबाडणारे भामटे आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतो. (असा प्रसंग आल्यास फोन तत्काळ बंद करावा आणि १९३० या क्रमांकावर कळवावे, हे या निमित्ताने प्रत्येक घरी सांगून ठेवावे.) अशा भामट्यांच्या हाती आमच्या देवळातून एक जरी नाव गेले असते, तर कोणत्या प्रायश्चित्ताने ते धुऊन निघाले असते?

समितीने यादी दिली नाही. मंडप लहान घातला. महाप्रसाद तीन दिवसांऐवजी एकच दिवस झाला, आणि त्यासाठी घराघरांतून शिधा आला. छत अद्याप एका कोपऱ्यात गळते, हेही लपवीत नाही. योग्य निर्णयाचे फळ लगेच पदरात पडते असे सांगणारी गोष्ट मला येथे रचावयाची नाही. मात्र त्या खजिनदाराने स्वतः होऊन एक काम केले: यादीतील वयांचा रकाना पुसून टाकला, आणि उत्सव आटोपल्यावर कोणाचे नाव ठेवावयाचे, कोणाचे काढावयाचे हे प्रत्येकाला विचारले. माझ्या मते तो त्या वर्षीच्या उत्सवातील एक मोठा धर्मविधी होता.

मग आपण गृहस्थांनी काय करावे? यंत्र फेकून द्यावे, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या मुलाबाळांचा आवाज परदेशातून त्याच काचेतून येतो त्याने ते फेकू नये. परंतु जुन्या घरांत चूल, देवघर आणि झोपण्याची जागा यांना जशा मर्यादा असत, तशी या पाहुण्यालाही मर्यादा हवी. देवघरात आणि पानावर बसताना तो बाहेर राहावा. मन ओढ घेईल ती वस्तू त्याच रात्री न घेता एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. सकाळपर्यंत अर्ध्याअधिक इच्छा विरून गेलेल्या असतात, हा माझा अनुभव आहे. जे अ‍ॅप कंदील लावण्याकरिता आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचे क्रमांक मागते, त्याला ‘नाही’ म्हणावे. दाराशी वस्तू घेऊन येणाऱ्या मुलाला पाणी विचारावे. आणि भाजीवाल्याची ती पेटी “प्राप्त हुए” म्हणून ओरडली, तरी आपणही त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. पैसे पोहोचले याची पावती पेटी देईल. माणूस माणसापर्यंत पोहोचला याची पावती तिला देता येत नाही.

शेवटी पुन्हा सुदाम्याकडे येतो. त्या कथेतील एक भाग आपण सोन्याच्या नगरीच्या झगझगाटात विसरतो. द्वारकेहून परतताना सुदाम्याच्या हाती काही नव्हते. तरी वाटेने त्याच्या मनात आले ते असे की, धन मिळाले तर हा दरिद्री माणूस उन्मत्त होऊन मला विसरेल, म्हणूनच त्या दयाळू मित्राने मला काही दिले नसावे. न देण्यातही प्रेम असू शकते, हे त्याला ठाऊक होते. आमच्या वाण्याने तोलता तोलता हात थांबविला तेव्हा माझ्या आईने तेच ओळखले होते. जो आपल्याला खरोखर जाणतो, तो आपल्याला हवे ते देतो आणि प्रसंगी नकोसे ते हातातून काढूनही घेतो. दोन्ही वेळी त्याची दृष्टी आपल्या हिताकडे असते. माझ्या खिशातल्या बाजाराने अजून माझ्या हातून काही काढून घेतले असेल तर ते माझे अवधान. आणि त्यात हित कोणाचे होते, याचे उत्तर प्रत्येकाने आज रात्री दिवा मालवल्यावर, ती काच पालथी ठेवून, स्वतःशीच द्यावे.